गाव आपलं, कागद कुणाकडे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

आपल्या गावाचा इतिहास लिहिताना काय अडतं, असं मागच्या अंकात विचारलं होतं. खानापूर, बेळगाव, चिकोडी, निपाणी, रायबाग या भागांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून गावांच्या पातळीवर ही कामं करणाऱ्या आमच्या मंडळींनी उत्तरं दिली आहेत.

गावातले लोक म्हणतात, गाव पांडवकालीन आहे आणि देऊळ हेमाडपंती. इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करू?
(एक शिक्षक, खानापूर तालुका)

गुरुजी, सुरुवात आजपासून करा आणि मागे मागे जा. पांडवांपासून पुढे यायला निघालात तर हजारो वर्षांचं अंतर कल्पनेनं भरावं लागेल. आजपासून मागे गेलात तर जिथे कागद संपतो तिथे थांबता येतं, आणि थांबल्याचं लिहिताही येतं.

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर डावीकडे चार बोटं समास सोडा आणि त्या समासात फक्त ‘कुठून कळलं’ एवढंच लिहा: कोणतं पुस्तक, कितवं पान, कोण बोललं, कोणत्या तारखेला. समास रिकामा राहिलेलं वाक्य छापायला जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. सहा महिन्यांनी ‘हे मी कुठं वाचलं होतं?’ म्हणून शोधायला बसलं की निम्मं काम पुन्हा करावं लागतं.

आता ‘हेमाडपंती’बद्दल. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तुमच्याच तालुक्यातलं हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचं, रट्ट राजघराण्याच्या काळातलं. दोन्ही हेमाद्रीच्या आधीची. तेव्हा चुन्याशिवाय रचलेलं दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवय या भागात तरी सोडून द्यावी. नुसतं ‘दगडी, चुना न वापरता बांधलेलं, खांब इतके, गाभाऱ्याची दिशा अमुक’ असं लिहिलं तर ते उद्याच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडतं.

पहिलं छापील साधन म्हणजे १८८४ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा २१ वा खंड. तो इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतो. त्यात तालुके सातच आहेत: अथणी, चिकोडी, गोकाक, बेळगाव, संपगाव, खानापूर आणि परसगड. बैलहोंगलकडची माहिती संपगावात शोधायची, सौंदत्तीची परसगडात, निपाणीची चिकोडीत. गावाचं नाव इंग्रजी कानाला जसं ऐकू आलं तसं छापलेलं असतं, म्हणून चार-पाच स्पेलिंगं करून पाहावीत. आणि गॅझेटियरमध्ये आहे म्हणून खरंच, असंही धरू नका. त्यातल्या दंतकथा त्या वेळच्या कचेऱ्यांतून गोळा केलेल्या आहेत. गावातल्या आजच्या दंतकथांना लावायची तीच चाळण त्यांनाही लावावी.

एका कचेरीत दोनदा गेलो. ‘जुनं काही नाही’ एवढंच उत्तर मिळालं. गावाचे जुने कागद नेमके असतात कुठे?
(एक वाचक, रायबाग तालुका)

आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि त्याचं उत्तर तुमचं गाव पूर्वी कुणाच्या ताब्यात होतं यावर ठरतं. ‘जिल्हा बेळगाव’ एवढ्यावर भागत नाही.

१८१८ साली पेशवाई संपल्यावर इथला मुलूख इंग्रजांकडे गेला. १८३६ पर्यंत बेळगाव हा धारवाड जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे त्या अठरा वर्षांचे सरकारी कागद धारवाडच्या नावाखाली शोधायचे. पण सगळाच मुलूख इंग्रजांचा नव्हता. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. आज बेळगाव शहरात मिसळून गेलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. रामदुर्ग तर स्वतःच संस्थान होतं. तुमच्या गावचे १९४९ च्या आधीचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात असण्याची शक्यता मोठी. बेळगावात शोधत बसलात तर ‘काही नाही’ हेच उत्तर मिळेल, आणि कारकून खोटं बोलत नसेल.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड मात्र मुंबई राज्यात राहिलं. जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहिली तर फरक दिसतो. १९५१ ची मुंबई सरकारची, १९६१ ची म्हैसूर सरकारची. दोन्ही मिळवा आणि गावाचं नाव, क्षेत्रफळ, लोकसंख्या शेजारी शेजारी मांडा. क्षेत्रफळ बदललेलं दिसलं तर वाडी वेगळी झाली की मोजणी बदलली, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

ढोबळ वाट अशी. पेशवेकाळ आणि इनामांचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुने लोक पेशवे दफ्तर म्हणतात. इंग्रज काळातला महसूल विभागाचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात. म्हैसूर राज्यानंतरचं बंगळूरला राज्य पुराभिलेखागारात. मोजणीचे टिप्पण (शेताचा मापांसह कच्चा नकाशा) आणि आकारबंद (नंबरवार क्षेत्रफळ आणि साऱ्याची नोंद) तालुक्याच्या सर्व्हे ऑफिसात. ग्रामपंचायतीचं ठराव बुक पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे. शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात. हे शेवटचं साधन लोक विसरतात. त्यात मुलाचं गाव, वडिलांचा धंदा आणि शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. दुष्काळात किती मुलांनी शाळा सोडली हे त्यातून मोजता येतं.

इनामी जमिनीचं गाव असेल तर १८५२ च्या इनाम कायद्यानुसार झालेल्या चौकशीचे कागद जरूर शोधा. आपलं इनाम खरं आहे हे दाखवायला वतनदारांनी त्या वेळी जुन्या सनदांच्या नकला आणि घराण्याच्या वंशावळी दिल्या होत्या. मूळ सनद घरात वाळवीनं खाल्ली असली तरी नक्कल दफ्तरात मिळू शकते. वंशावळ मात्र हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेली आहे, हे ध्यानात ठेवून वाचायची.

अर्ज कसा करावा? ‘गावाचा सगळा इतिहास द्या’ असा अर्ज फेटाळलाच जातो. एका कागदाचं नाव, गावाचं नाव, होबळी (तालुक्याचा महसुली भाग), सर्व्हे नंबर, अंदाजे वर्ष एवढं लिहा, आणि अर्ज कन्नडमध्ये करा. आधी नकलेचा साधा अर्ज. तो महिनाभर पडून राहिला तरच माहितीच्या अधिकारात. कर्नाटकच्या नियमानुसार त्या अर्जात एकच विषय हवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दोन विषय एकत्र घातले की अर्ज परत येतो, आणि पुष्कळांचे अर्ज इथेच अडतात.

वेल्समध्ये राहणारा माझा भाचा सांगतो की तिथे लहान लहान परगण्यांचासुद्धा इतिहास लोकांनी घरबसल्या वाचता येईल असा करून ठेवला आहे. त्यांनी काय केलं, आणि आपल्याला त्यातलं काय जमेल?
(एक निवृत्त तलाठी, निपाणी)

तुमच्या भाच्याला रॅडनरशरबद्दल विचारा. इंग्लंडच्या सरहद्दीला लागून असलेला डोंगराळ, मेंढ्यांचा आणि फार विरळ वस्तीचा परगणा. १९७४ साली तो शेजारच्या दोन परगण्यांबरोबर पॉइस या मोठ्या परगण्यात विलीन झाला. नकाशावरून नाव पुसलं तरी १९३० साली स्थापन झालेली रॅडनरशर सोसायटी चालूच राहिली. तिचं वार्षिक निघतं, आणि जुने अंक वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं संगणकावर मोफत ठेवले आहेत. त्याच ग्रंथालयानं १९१९ पर्यंतच्या वेल्समधल्या वर्तमानपत्रांची अकरा लाखांहून जास्त पानं शब्दावरून शोधता येतील अशी खुली केली आहेत. एवढं काम सरकारी पैशाशिवाय होत नाही. ते आपल्या गावमंडळाच्या आवाक्यातलं नाही.

आवाक्यातलं आहे ते पुढचं. १८३६ च्या कायद्यानं तिथे चर्चला द्यायचा धान्याचा दशमांश रोख पैशात बदलला. त्यासाठी गावोगाव नकाशे झाले आणि प्रत्येक तुकड्याला नंबर देऊन मालक, कसणारा, पीक, क्षेत्रफळ आणि बहुतेक ठिकाणी शेताचं नाव नोंदलं गेलं. अलीकडे शेकडो स्वयंसेवकांनी हे नकाशे आजच्या नकाशावर बसवले आणि नावं उतरवून काढली. त्या प्रकल्पाचं नाव होतं ‘कनेव्हिन’. वेल्श भाषेत हा शब्द मेंढ्यांच्या कळपाला पिढ्यान्‌पिढ्या सवयीच्या झालेल्या डोंगरउतारासाठी वापरतात. आपल्या धनगरांना तो समजावून सांगावा लागणार नाही. पुढे २०१६ च्या कायद्यानं वेल्समध्ये ऐतिहासिक स्थळनामांची अधिकृत यादीच झाली.

नकाशा आणि नंबर आपल्याकडेही आहेत. शेतांची नावं मात्र बव्हंशी कागदावर नाहीत, ती सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी आहेत. म्हणून या सदरात आमचा आग्रह एकच: बाकी सगळं राहू द्या, आधी शिवाराची नावं गोळा करा. दफ्तरातला कागद दहा वर्षांनीही मिळेल.

शिवाराची नावं गोळा करायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?
(युवक मंडळ, बेळगाव तालुका)

कर्नाटक भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर गावनकाशाची पीडीएफ मिळते. ती ए-३ कागदावर चार भागांत छापून घ्या. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ करू नको म्हणून बजावा, नाहीतर नकाशाचं प्रमाण बिघडतं आणि मोजलेलं अंतर चुकतं. नकाशावर रस्ता, विहीर जुनीच दिसेल. आजचं चित्र त्यात शोधायचं नाही.

मोजमापाचं एक साधं गणित पाठ असू द्या. जुनी साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. ४० गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचे १६ आणे. जुन्या उताऱ्यावर ‘२-१७-८’ दिसलं तर ते दोन एकर, सतरा गुंठे, आठ आणे.

दोन जाणती माणसं बरोबर घ्या, एक मराठी घरातला आणि एक कन्नड घरातला. वेशीपासून निघा आणि ओढ्याच्या कडेनं चाला. घरात बसून विचारलं तर दहा नावं मिळतात, बांधावर उभं राहून विचारलं तर चाळीस. म्हाताऱ्यांना आर. एस. नंबर, म्हणजे उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर, ठाऊक नसतो, नाव ठाऊक असतं. तरुणाच्या मोबाइलमध्ये उतारा असतो, त्यात नंबर असतो, नाव नसतं. दोघांना एका बांधावर उभं करणं हेच तुमचं काम. नाव जसं उच्चारलं तसं लिहा, शुद्ध करू नका. ‘केरीचा मळा’ असं कुणी सांगितलं तर ‘तळ्याचा मळा’ असं लिहू नका. केरी म्हणजे इकडच्या कन्नड बोलीत तळं. आज तिथे तळं दिसत नसेल तर पूर्वी होतं का, हे विचारायचा धागा त्या एका शब्दात असतो. तसंच हळ्ळ म्हणजे ओढा, गुड्ड म्हणजे टेकडी, तोट म्हणजे बागायत. ‘शेरी’ म्हटलं की सरकारची किंवा जहागीरदाराची खासगी जमीन. ‘दिव्याची पट्टी’ म्हटलं की देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी तोडून दिलेला तुकडा. मग ते देऊळ कोणतं आणि दिवा कोण लावायचं, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. एक, फेरमोजणीत नंबर बदललेले असतात, म्हणून जुन्या कागदावरचा सर्व्हे नंबर थेट आजच्या नकाशावर शोधायचा नाही. आधी जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालून घ्यायचा. दोन, एकाच शेताला चार बाजूंचे लोक चार नावं देतात. चारही लिहा, कोणत्या बाजूच्या माणसानं सांगितलं तेही लिहा. आणि बांधावरून भांडण चालू असलेल्या तुकड्याचं नाव फक्त वहीत ठेवा. तुमची वही कुणाच्या कोर्टकज्ज्यात पुरावा म्हणून ओढली जाऊ नये.

माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं सापडलं. आधी काय करावं? वर्ष कसं ओळखावं?
(एक गृहिणी, खानापूर)

ताई, आधी काहीच करू नका. गाठोडं जसं बांधलं आहे तसाच एक फोटो काढा. कोणता कागद कोणत्या कागदाच्या पोटात होता, हीसुद्धा माहिती असते. मग सावलीत, पंखा बंद करून, एकेक उलगडा. उन्हात वाळवू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको: उष्णतेनं आणि डिंकानं जुना कागद कायमचा जातो. घडीवर फाटत असेल तर तो उलगडायचा आग्रह धरू नका. मऊ ब्रशनं धूळ झाडा, पेन्सिलनं बाहेरच्या पाकिटावर नंबर घाला, कागदावर नव्हे.

फोटो दिवसा, उंबऱ्याच्या आत, फ्लॅश न वापरता, कॅमेरा कागदाला समांतर धरून. शेजारी पट्टी ठेवा, आकार कळतो. पाठीमागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही फोटो हवा, कारण शेरा, शिक्का किंवा तारीख तिथे असू शकते.

वर्षाचं म्हणाल तर मोडी कागदावर सुहूर सन (मराठी दफ्तरांतली जुनी वर्षगणना, खूण ‘सु॥’) अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ ‘सु॥ अर्बा तिसैन मया व अलफ’. अर्बा म्हणजे ४, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११९४. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास बदलतं. जून ते डिसेंबरातला कागद असेल तर ५९९ मिळवा, १७९३ येतं. जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवा, १७९४ येतं. महिना कळतो तो ‘छ’ या अक्षरापुढच्या चांद्र तारखेवरून, जसं ‘छ ५ सफर’ (सफर हा हिजरी महिना). शक दिला असेल तर ७८ मिळवायचे, पौषाच्या पुढची तिथी असेल तर बहुधा ७९. राज्याभिषेक शक असेल तर १६७३ किंवा १६७४.

पडताळा संवत्सरानं घ्या. शकात १२ मिळवा आणि ६० नं भागा. बाकी १ आली तर प्रभव, ३८ आली तर क्रोधी. शक १९४६ घेऊन पाहा: १९५८ ला ६० नं भागून बाकी ३८, आणि २०२४ चा गुढीपाडवा क्रोधी संवत्सराचाच होता. कागदावरचं संवत्सर आणि शक जुळले नाहीत तर एक तर वाचनात चूक आहे, किंवा तो मागाहून केलेला कागद आहे. शिलालेखात मात्र एका वर्षाचा फरक गत (पुरं झालेलं वर्ष) आणि वर्तमान (चालू वर्ष) शकामुळेही पडतो, तेवढ्यावरून लेख खोटा ठरवू नका. हलशीच्या बाजूला गोव्याच्या कदंबांच्या लेखांत कलियुगाचं वर्ष मिळतं. त्यातून ३१०१ वजा करायचे.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं, शब्द सुटे नसतात, आणि ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘प॥’ म्हणजे परगणे अशा खुणा भरपूर. पहिलं वाचन कुणा जाणकाराकडून करून घ्या, पण मूळ कागद देऊ नका, फोटो द्या. गावाची नावं ओळखायला मात्र तुमचीच मदत लागेल. बाहेरचा वाचक ‘कापोली’चं ‘कापेली’ करून ठेवतो.

देवळापुढे तीन पट्ट्यांचा कोरीव दगड आहे. दर अमावास्येला तेल घालतात, आता रंग द्यायचं चाललं आहे.
(एक वाचक, बेळगाव तालुका)

वर्णनावरून वीरगळ. खालच्या पट्टीत लढाई: ढाल-तलवारीचा माणूस, कधी शेजारी गाई. गाई असतील तर गुरं सोडवताना पडलेला वीर. मधल्या पट्टीत दोन अप्सरा त्याला वर नेताना. वरच्या पट्टीत तो शिवलिंगापुढे हात जोडून, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहो. काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीशिळा.

रंग मात्र थांबवा. ऑइलपेंट कोरीव रेषांत बसतो आणि तो काढताना दगडाचा पापुद्रा निघतो. पूजा बंद करा असं आम्ही सांगणार नाही, पूजेमुळेच तो दगड आजवर राहिला आहे. तेल पायाशी घाला आणि समोर पणती ठेवा, एवढं पुजाऱ्यांना सांगितलं तर ते ऐकतात. ॲसिड, वायरब्रश, खडू, पीठ यांपैकी काही लावू नका. अक्षरं वाचायची असतील तर रात्री जा, टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूनं धरा आणि आठ दिशांनी आठ फोटो काढा. तिरप्या उजेडात बुजलेलं अक्षरही उठून दिसतं. लिपी हळेगन्नड (जुनी कन्नड) आहे की नागरी, हे आधी ठरवा आणि मगच वाचणारा शोधा. लेख आधीच छापलेला असू शकतो: ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’चे ११, १५, १८ आणि २० हे खंड मुंबई-कर्नाटकाचेच आहेत. दगड जागेवरून हलवू नका.

आज्जी नव्वदीला आली आहे. तिच्याकडून काय आणि कसं उतरवून घेऊ?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, येळ्ळूर)

मोबाइल विमान मोडवर, पंखा आणि मिक्सर बंद, फोन तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर घडी घातलेल्या टॉवेलवर. उघड्या फरशीवर ठेवला तर भांड्याचा प्रत्येक आवाज खणखणतो. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, ठिकाण, तिचं नाव, माहेरचं गाव, आणि ‘आज्जी, हे मी गावासाठी ठेवू का?’ हा प्रश्न व तिचं उत्तर. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त नको.

‘पूर्वी कसं होतं?’ असं विचारलं की ‘चांगलं होतं’ असं उत्तर येतं. वस्तू विचारा. लग्नात कोणती भांडी आली, पाणी कुठून आणायची, बाळंतपण कुणी केलं, बाजार कोणत्या वारी आणि चालत किती वेळ. वर्षं तिला आठवणार नाहीत, खुंट्या द्या: लक्ष्मीच्या यात्रेआधी की नंतर, १९५६ ला राज्य बदललं तेव्हा कडेवर कोण होतं, ७२ च्या दुष्काळात काय खाल्लं. यात्रेचं साल पावती पुस्तकात किंवा पंचांच्या वहीत सापडतं, मग बाकीच्या आठवणी त्याभोवती बसतात. ओव्या मागून मिळत नाहीत. जात्याचा खुंटा हातात द्या, मूठभर जोंधळे घाला, आणि गप्प बसा.

एक तास ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास लागतात, म्हणून आधी दर पाच मिनिटांना काय विषय निघाला एवढंच लिहून ठेवा. तिची बोली तशीच लिहा.

जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे.
(एक वाचक, चिकोडी)

ओढू नका, वाफही देऊ नका. काचेसकट स्कॅनरवर ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि फ्रेम पुन्हा भिंतीला लावा, पण बाहेरच्या ओलसर भिंतीला नको.

गावाचं नाव पुस्तकात कसं लिहावं यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. शिवाय मूळची पाटीलकी आपलीच, असं दोन घराणी म्हणतात.
(गाव इतिहास समिती, सीमाभाग)

नावाचा वाद सोडवायला जाऊ नका, तो मांडा. एक पान फक्त नावाला द्या आणि शिलालेखात, सनदेत, १८८४ च्या गॅझेटियरमध्ये, १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेत, आजच्या पाटीवर कसं आहे ते सालवार लिहा. खुद्द बेळगावचं वेणुग्राम, वेळुग्राम, बेळगाव आणि २०१४ पासून अधिकृत बेळगावी असं झालं आहे. पुस्तकाच्या शेवटी चार पानांचा कन्नड गोषवारा द्या. गावातली निम्मी घरं तेवढंच वाचतील आणि चुका तीच दाखवतील, आणि त्या चुका छपाईआधी कळणं फार मोलाचं असतं.

पाटीलकीबाबत: कागद ज्यांच्याकडे आहे त्यांचा कागद, साल घालून छापा. दुसऱ्या घराण्याचं म्हणणं ‘अमुक घराण्यात असं सांगतात’ म्हणून छापा. दोन्ही घराण्यांना आपापलं पान छपाईआधी वाचायला द्या, दुसऱ्याचं नव्हे. पाटीलकी घराण्यांत विभागलेली असे, वर्षं वाटून घेतली जात, तेव्हा दोघंही खरे असू शकतात. कर्नाटकात ग्रामाधिकाराची वतनं १९६१ च्या कायद्यानं गेली, त्यामुळे आज कुणाच्या खिशाला धक्का लागत नाही, हेही शांतपणे सांगता येतं. दत्तक, कर्ज, जातीच्या नोंदी, शिक्षा यांचे कागद जिवंत माणसांच्या घराशी जोडून छापू नका.

आणि पाटील-कुलकर्ण्यांवरच पुस्तक संपवू नका. शेतसनदी आणि वालीकार (गावचे राखणदार, चाकर), महार, मांग, सुतार, लोहार, कुंभार, देवळातले गुरव यांच्या वाट्याला कोणती जमीन होती आणि कोणतं काम होतं, हे शिवाराच्या नावांत आणि आकारबंदात असतं. त्यांच्या घरी सनद नसते म्हणून त्यांचा इतिहास नसतो असं नाही. त्यांच्याकडे आधी जा.

पुस्तिका छापायची आहे. किती पानं, किती प्रती?
(तेच)

एका फर्म्यात १६ पानं, म्हणून ४८ किंवा ६४ पानं ठरवा. ५० पानं केलीत तर कोऱ्या पानांचे पैसे जातात. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आत ७० जीएसएम मॅपलिथो. ६४ पानांपर्यंत मधोमध पिना चालतात, त्याहून जाड झाली तर पिनांची पुस्तिका फुगते आणि नीट मिटत नाही. फोटो छापायच्या आकाराला ३०० डीपीआय हवा: चार इंच रुंदीला १२०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापायला देऊ नका, मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि जुन्या फाँटमध्ये बदलला गेला तर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द प्रुफात एकेक तपासा, तिथेच अक्षर तुटतं.

पहिल्यांदा २०० प्रतींच्या पुढे जाऊ नका. दुरुस्त्या येणारच, त्या दुसऱ्या आवृत्तीत घ्याव्या लागतात. छपाईआधी यात्रेच्या किंवा गावच्या साहित्य संमेलनाच्या दिवशी पानं मोठी करून मांडवात लावा आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधा. लोक फोटोतली माणसं ओळखून नावं लिहून जातात.

आयएसबीएन मोफत मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. पाचवी प्रत बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात द्या, सहावी गावच्या शाळेत. शाळेच्या प्रतीत शेवटी दहा कोरी पानं बांधून घ्या आणि पहिल्या कोऱ्या पानावर छापा: ‘इथे चूक दिसली तर पान नंबर घालून लिहा, नाव आणि तारीख घाला.’